पातेलं कोणी उतरवलं

हा प्रवास मी पूर्वी एकदा लिहिला आहे. तरुणपणी, घरी परतल्यावर लगेच, आणि तो पुढच्या वर्षी एका दिवाळी अंकात छापूनही आला. लोकांना आवडला. त्यातलं एक वाक्य तर पुढे मी अनोळखी लोकांच्या भाषणांतही ऐकलं: 'देव बाहेर रांगेत बसला आहे.' वाक्य माझंच. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका शाळेच्या ओट्यावर मी ते पहिल्यांदा बोललो. त्यानंतर तिथे एका म्हातारीचा डोळा गेला, आणि दोष एका निरपराध बाईच्या माथी आला. माझ्या लेखात मी तो तिच्याच माथी ठेवला.

आता वय झालं आहे. म्हणून तोच प्रवास पुन्हा लिहितो, जसा झाला तसा. गावाचं नाव देत नाही. अमडापूरच्या पुढे, आडबाजूला आहे एवढं पुरे.

मलकापूर ते चिखली

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. पुण्यातले आम्ही काही जण रविवारी एकत्र बसून ध्यान करायचो. ध्यानाला कामाची जोड हवी, असं मीच सगळ्यांना सांगायचो. तेव्हा कळलं, की वऱ्हाडात एक डॉक्टर खेडोपाडी डोळ्यांची शिबिरं घेतात आणि त्यांना पट्ट्या, कापूस, स्पिरिट घेऊन येणारा माणूस हवा आहे. मी निघालो.

मलकापूरला रेल्वेतून उतरून बुलढाण्याची एस.टी. धरली. थंडीचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती आणि काळ्या रानावर पांढरे ठिपके दूरपर्यंत गेले होते. राजूर घाटात गाडीला हिसका बसला, माझ्या ट्रंकेतली एक बाटली फुटली आणि साऱ्या गाडीत स्पिरिटचा वास पसरला. तेव्हा दारूबंदी होती. कंडक्टर तिकिटं थांबवून माझ्यापाशी आला.

"काऊन भाऊ, सक्काळी सक्काळीच?"

"अहो, औषध आहे. डोळ्यांच्या शिबिराचं."

"समदेच औषध म्हनतात बाप्पा," मागून एक पागोटंवाला म्हणाला आणि गाडी हसली.

मी मात्र रागावलो. पुण्याहून सेवेला आलेल्या माणसाची अशी चेष्टा होते याचा राग. तो राग इथे नोंदवतो, कारण पुढे जे घडलं त्याचं बी तोच होता. मी देण्यासाठी आलो होतो, आणि घेणाऱ्यांनी जरा अदबीने वागावं अशी माझी अपेक्षा होती.

चिखलीहून बैलगाडीने गावात पोचलो.

शाळा

शिबिर शाळेत होतं. एका वर्गात शस्त्रक्रिया, बाकीच्या वर्गांत जमिनीवर पेंढा, त्यावर सतरंज्या. शस्त्रक्रिया झालेली माणसं दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधून उताणी पडलेली, मान हलू नये म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. आणि बाहेर, ओट्यापासून लिंबाच्या झाडापर्यंत, वाट पाहणारे. कुणी काठीचं टोक धरून आलेले, कुणी मुलाच्या पाठीवर. आमच्याकडे एवढी माणसं रांगेत असती, तर कलकलाट झाला असता, ओळखीपाळखी निघाल्या असत्या. इथे कुणी बोलत नव्हतं. पावलं वाजली की सगळे चेहरे एकदम वळायचे, आवाजाकडे, थोडे वर उचललेले. त्या चेहऱ्यांची मला भीती वाटायला लागली.

डॉक्टर उंच, थोडे वाकलेले, कमी बोलणारे. सुऱ्या स्पिरिटमध्ये ठेवायच्या, पण चिमटे, सुया, पापणी उघडी धरणारी तार हे सगळं उकळायचं. ते काम गोदाबाईंकडे होतं. गोदाबाई गावातल्याच, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातल्या विधवा. वर्गाच्या मागे तीन दगडांच्या चुलीवर झाकणाचं मोठं पातेलं त्यांनी मांडलं होतं.

त्या शिबिराची एक रीत होती. दर काही रुग्णांनंतर डॉक्टर हात धुऊन बाहेर यायचे. पातेल्याला खळखळून उकळी फुटली की गोदाबाई भजन धरायच्या आणि सारं शिबिर जागच्या जागी बसायचं. रांगेतलेही. बौद्ध वस्तीवरची माणसं हात जोडून आपली वंदना हलक्या आवाजात म्हणायची. गोदाबाईंचं भजन ठरलेलं, ठरलेल्या वेळा फिरवून म्हणायचं; तेवढ्या वेळात चिमटे पुरते उकळून निघायचे. शेवटी थोडा वेळ सगळे गप्प. मग त्या पातेलं उतरवायच्या, आणि ते उतरल्याशिवाय डॉक्टर चिमट्याला हात लावायचे नाहीत.

पहिल्या दिवशी मला हे फार सुंदर वाटलं. दुसऱ्या दिवसापासून मी भजन सुरू असताना रांगेकडे बघायला लागलो.

रांग लावण्याचं काम माझ्याकडे होतं, आणि त्या रांगेतच सरजाबाई भेटल्या. वस्तीवरच्या होत्या, सुनेला घेऊन आलेल्या. मी "नमस्कार" म्हणालो, त्या "जय भीम" म्हणाल्या आणि माझा हात चाचपून सोडेचनात. एक डोळा फार पूर्वीच फूल पडून गेलेला. दुसऱ्यात मोतीबिंदू. म्हणजे जो काही आशेचा होता तो हा एकच.

"डोळा आला की पहिलं काय पाहाल, आजी?" मी विचारलं.

"हिची भाकर," त्यांनी सुनेकडे मान केली. "कधीची खाऊन राह्यली, मले तं जयकी लागते. हे म्हनते पांढरीशुभ्र हाय." जयकी म्हणजे जळकी.

"पांढरीच हाय," सून म्हणाली. "डोया येऊ द्या, मंग तुमीच भाजा अन् तुमीच खा."

"हाव, भाजतो ना. तुले बी शिकवतो."

रांग पहिल्यांदाच हसली. मीसुद्धा. त्या दोघींची जागा मी दुसऱ्या दिवसासाठी पक्की केली.

चून आणि भाकरी

संध्याकाळी गोदाबाईंनी चून-भाकरी दिली. चून म्हणजे आपलं पिठलं, पण आपल्यापेक्षा पातळ आणि तिखट इतकं की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

"या डोयाचं बी आपरेशन करा डाक्टरसाहेब," गोदाबाई म्हणाल्या, "गळून राह्यला."

डॉक्टर हसले. ते मोकळे वाटले म्हणून मी विचारून टाकलं. "डॉक्टर, बाहेर एवढे लोक आहेत. रोजचा आपला तेवढा वेळ बसण्यात जातो. भांड्यासाठीच थांबायचं तर एक घड्याळ पुरे."

ते भाकरीचा तुकडा मोडत राहिले. मग म्हणाले, "भांड्यासाठी घड्याळ पुरेल. मी थांबतो ते माझ्यासाठी. तो ओटा बघितला की मला वाटायला लागतं, या सगळ्यांना डोळे मी देणार आहे. तसं वाटलं की माझा हात घाई करतो. बसलो की आठवतं, देणारा मी नाही. मग हात हलका होतो."

"पण लोकांची सेवा हीच पूजा नाही का?"

"असेल. माझी अजून तेवढी तयारी नाही," डॉक्टर म्हणाले आणि ताट उचलून धुवायला गेले.

मला ते उत्तर दुबळं वाटलं. माझी तयारी आहे, असं मी मनाशी म्हटलं.

बाजाराचा दिवस

दुसऱ्या दिवशी अमडापूरचा बाजार. शिबिराची बातमी बाजारात पोचली असणार, कारण दुपारनंतर गाड्यांमागून गाड्या यायला लागल्या. ओटा भरला, लिंबाखाली जागा राहिली नाही, माणसं कुंपणाबाहेर धुळीत बसली. एका बैलगाडीत तर एकाच घरातले तिघे आंधळे. सूर्य कलत होता, आणि उजेड गेला की काम बंद. मी धावत होतो, पाणी देत होतो, "होईल, होईल" म्हणत होतो, आणि मला ठाऊक होतं की होणार नाही.

डॉक्टरांनी हात धुतले. आता बसायची वेळ. तेवढ्यात कुंपणापाशी गलका झाला, एक म्हातारा चक्कर येऊन पडला. डॉक्टर तिकडे गेले. गोदाबाईंनी भजन धरलं होतं, पहिलंच कडवं चालू होतं. पुढच्या खेपेत सरजाबाई होत्या. दाराशी सुनेचा हात धरून उभ्या, चेहरा वर उचललेला.

मी चुलीपाशी गेलो. "गोदाबाई, पुरे आता. उतरवा."

त्यांनी भजन न थांबवता मान हलवली.

"अहो, उकळी आली ना? उजेड जातोय. देव काय इथे पातेल्यात आहे? देव बाहेर रांगेत बसला आहे!"

हे मी मोठ्याने बोललो, ओट्यावरच्यांनी ऐकावं इतक्या मोठ्याने. कुणीतरी "बराबर हाय" म्हणालंही. मला अंगभर ऊब आली. इतक्या वर्षांनीसुद्धा ती ऊब मला आठवते.

गोदाबाई थांबल्या. "भाऊ, अजून व्हयाचं हाय. आताच तं उकळी फुटली."

मी धोतराच्या सोग्याने पातेलं धरलं, उतरवलं, पाणी ओतून दिलं आणि चिमटे तबकात काढून आत नेऊन ठेवले. डॉक्टर परत आले तेव्हा तबक आपल्या जागी होतं. बाहेर भजन थांबलं होतं. म्हणजे सगळं रीतीप्रमाणे झालं, असं त्यांनी धरलं. का धरू नये? ते डोळे मिटून क्षणभर उभे राहिले आणि कामाला लागले.

गोदाबाई दारापर्यंत आल्या होत्या. मी त्यांना हातानेच गप्प राहा अशी खूण केली. पुण्याच्या शिकलेल्या माणसाने केलेली खूण. त्या परत गेल्या.

त्या दिवशी आम्ही रोजच्यापेक्षा जास्त डोळे केले. मी फार समाधानाने जेवलो.

पट्टी

सरजाबाईंना दुसऱ्याच सकाळी ठणका लागला. शस्त्रक्रियेनंतर थोडं दुखतं, असं मीच त्यांना सांगितलं. त्याच्या पुढच्या सकाळी डॉक्टर पट्टी बदलायला बसले आणि पट्टी सुटण्याआधीच त्यांचा चेहरा बदलला. पापणी सुजून लाल, खाली पू. डॉक्टरांनी बॅटरीचा उजेड टाकला.

"आजी, काही दिसतं?"

"काय दिसंन बाप्पा? पट्टी तं सोडा," सरजाबाई म्हणाल्या.

पट्टी सुटलेली होती. सून भिंतीला टेकून उभी होती, ती खाली बसली.

त्या खेपेतल्या बाकीच्यांना काही झालं नाही. का नाही, हे मला आजही ठाऊक नाही. इंजेक्शनं झाली, होती ती सगळी औषधं झाली. डोळा वाचला नाही.

त्या दिवशी दुपारी बसायची वेळ झाली तेव्हा गोदाबाईंनी भजन धरलं नाही. सगळे नुसतेच बसले. डॉक्टरही बसले, आणि त्या शांततेत त्यांनी विचारलं. आवाज चढला नव्हता.

"बाजाराच्या दिवशी पातेलं कोणी उतरवलं?"

माझे डोळे मिटलेले होते, इतरांसारखे. मी ते मिटलेलेच ठेवले. पाठ ताठ, हात मांडीवर, ओठ किंचित हलते. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस देवापाशी आहे. बाजाराच्या दिवशी ज्या बसण्याला मी वेळेची नासाडी म्हणत होतो, त्याच्याच आड मी त्या क्षणी लपलो. मला नामस्मरणाची सवय होती, म्हणून मी नाव घेतलंही. मनातल्या मनात ते नाव मी इतक्या जोराने घेत होतो, की दुसरं काही ऐकू येऊ नये.

गोदाबाई वाट पाहत असणार. माझ्याकडे बघत असणार. शेवटी त्यांचा आवाज आला.

"पातेलं माह्याच हवाली होतं, डाक्टरसाहेब."

खोटं नव्हतं ते. त्यांनी मला बोलायला जागा ठेवली होती. मी ती घेतली नाही.

डॉक्टर उठल्याची चाहूल लागली. मग म्हणाले, "बाई, तुम्ही आता काही दिवस घरी राहा." आणि मला म्हणाले, "उद्यापासून पातेलं तुम्ही बघा."

मी बघितलं. अगदी रीतीने. भजन मला येत नव्हतं, म्हणून गाणारा दुसरा माणूस बसवला. एकदाही घाई केली नाही.

वांग्यांचा मळा

शिबिर संपायच्या आदल्या दिवशी मी गोदाबाईंच्या मळ्यात गेलो. त्या वांगी तोडत होत्या. मी बांधावर उभा राहून कसंबसं बोललो, की चूक माझी होती, मला माफ करा, मला झोप लागत नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. टोपलीतलं एक किडकं वांगं बाजूला फेकलं.

"मले काऊन सांगून राह्यले, भाऊ? मी तं तठीच होती."

मी बांधावरून खाली उतरलो.

"ज्यानं इचारलं त्याले सांगा," त्या म्हणाल्या. "माह्या घरी देव हाय, म्या त्याच्यापाशी सांगतलं. पन पातेलं नाई ना राह्यलं. सासर सुटलं, मालक गेला, तवा नाई रडली येवढी. थो धूर, थे उकळी, अन् डोये मिटून बसलेले लोक… माही पूजा थेच होती. घरातल्या देव्हाऱ्यात मले तसं लागत नाई."

"मी सांगतो डॉक्टरांना. नक्की सांगतो."

"सांगा," त्या म्हणाल्या. मग माझ्या पिशवीत ओंजळभर वांगी टाकली. "भरीत करजा घरी. आमच्याइकडच्या वांग्याची चव तुमच्या पुन्यात नाई."

परतताना वस्तीवरून आलो. सरजाबाईंना घरी नेलं होतं. दाराशी बाजेवर बसल्या होत्या, समोर सून भाकरी थापत होती. मी कुडाआड थांबलो, पुढे गेलो नाही.

"कशी झाली व?" सरजाबाईंनी विचारलं.

सुनेने तव्याकडे पाहिलं. भाकरी एका कडेला काळी पडली होती, मला दिसत होती.

"जयली थोडी," सून म्हणाली.

"असू दे," सरजाबाई म्हणाल्या. "आता तू सांगशीन थेच खरं."

चिखलीचा स्टँड

शिबिराच्या शेवटच्या दिवशी डॉक्टरांपाशी जायला मी सवड काढलीच नाही. दुसऱ्या दिवशी ते पुढच्या शिबिरासाठी बीबी नावाच्या गावी निघून गेले होते, पहाटेच्या गाडीने, मी ट्रंक बांधत होतो तेव्हाच. चिखलीच्या स्टँडवर मी उतरलो तर दोन गाड्या उभ्या होत्या. एक मेहकरकडे जाणारी, तिथून बीबीला जाता आलं असतं. दुसरी मलकापूरला. पिशवीतल्या वांग्यांचे काटे बोटांना टोचत होते. दोन्ही कंडक्टर ओरडत होते. बीबीला गेलो असतो तर संध्याकाळपर्यंत डॉक्टरांसमोर उभा राहिलो असतो, आणि गोदाबाई आपल्या चुलीपाशी परत आल्या असत्या. एवढंच करायचं होतं.

मी मलकापूरच्या गाडीत चढलो. पत्र लिहीन म्हटलं. लिहिलं नाही. लिहिला तो दिवाळी अंकातला लेख. त्यात मी 'चुलीवरच्या बाईंच्या नजरचुकीने' असे शब्द वापरले, आणि वर स्वतःचं ते वाक्य सोनेरी मुलाम्यासारखं ठेवलं. लोक मला भाषणांना बोलवायला लागले. सेवेवर, देवावर. मी जात राहिलो.

डॉक्टर गेले. गोदाबाई पुन्हा शिबिराला गेल्या की नाही मला ठाऊक नाही, आणि आता त्या असतील असं वाटत नाही. रांगेत देव बसलेला असतो हे मी आजही खोटं म्हणणार नाही. पण त्या दिवशी मी रांगेत देव पाहिला नव्हता. मी पाहिली ती माझ्याकडे वर उचललेली तोंडं, आणि मला त्यांचा देव व्हायचं होतं. डॉक्टर ज्याच्यासाठी दर खेपेला थांबत होते, ते हेच. त्यांनी मला चून-भाकरी खाताना सांगितलंही होतं.

मी रोज सकाळी ध्यानाला बसतो, अजूनही. डोळे मिटले की शाळेचा ओटा येतो, चुलीचा धूर येतो, आणि न चढलेल्या आवाजातला तो प्रश्न येतो. विचारणारा आता डॉक्टर नाही हे मला कळतं. गोदाबाईंनी सांगितलं होतं, ज्यानं विचारलं त्याला सांगा. म्हणून आज बसलो नाही. डोळे उघडे ठेवून, खिडकीपाशी, उजेडात हे लिहिलं.

पातेलं मी उतरवलं.